वटवाघळाचे पंख : अमेरिकन निवडणुकांतील एका चित्राचा प्रवास

महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ज्या सज्जनांनी कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्तीसाठी निरपेक्ष बुद्धीने झीज सोसली, त्यांना जोतीरावांनी तो अर्पण केला होता. शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीची चिंता वाहणाऱ्या पुण्याच्या या पुरुषाला सातासमुद्रापलीकडच्या लढ्यात आपल्याच लढ्याचे प्रतिबिंब दिसले, याचा आम्हांला नेहमीच अभिमान वाटत आला आहे. पण ती अर्पणपत्रिका वाचली की मनात एक प्रश्न रेंगाळतो. मुक्त झालेल्या त्या माणसांचे पुढे काय झाले? १८७० च्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क दिला होता. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत दक्षिणेकडील राज्यांनी तो जवळजवळ पुसून टाकला. दंडुका, बंदूक आणि कायदा ही त्यासाठी वापरलेली साधने सर्वपरिचित आहेत. चौथ्या साधनाकडे मात्र इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांचे सहसा लक्ष जात नाही. ते साधन म्हणजे चित्र.

या लेखात आम्ही एका चित्राची हकिकत सांगणार आहोत. त्यासाठी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे नॉर्थ कॅरोलिना हे एकच राज्य घेतले आहे. याच प्रकारचे चित्र इतर राज्यांतही फिरले. परंतु या राज्यात ते पुनःपुन्हा परत आले, आणि कधी कधी तर त्याच माणसांच्या हातून आले.

२७ सप्टेंबर १८९८ रोजी राज्याची राजधानी राली येथील ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ या दैनिकात एक व्यंगचित्र प्रसिद्ध झाले. त्यात एक प्रचंड वटवाघूळ आहे. त्याचे तोंड कृष्णवर्णीय माणसाचे, नखे लांब, आणि पसरलेल्या पंखांवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, ‘निग्रो राज्य’. त्याचा पाय मतपेटीवर आहे आणि पंजांखाली सापडल्या आहेत गोऱ्या स्त्रिया. नॉर्थ कॅरोलिनावर घिरट्या घालणारा हा रक्तपिपासू, असे त्याचे शीर्षक. चित्रकार होता नॉर्मन जेनेट नावाचा तरुण, आणि संपादक होते जोसेफस डॅनियल्स. आम्ही हे चित्र प्रथम पाहिले तेव्हा त्यातील क्रौर्यापेक्षा त्याच्या सोपेपणाने अधिक चकित झालो. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही ते वाचता येते. त्या काळी राज्यात निरक्षर गोरे शेतकरी पुष्कळ होते, आणि चित्र त्यांच्यासाठीच काढलेले होते.

हे शेतकरीच भांडणाचे मूळ होते. शेतमालाचे भाव कोसळलेले, डोक्यावर सावकाराचे कर्ज, आणि रेल्वे कंपन्या सांगतील ते भाडे मोजायचे. या त्रासाला कंटाळून हजारो गोरे शेतकरी डेमोक्रॅटिक पक्ष सोडून पॉप्युलिस्ट पक्षात गेले. तेव्हाचा डेमोक्रॅटिक पक्ष हा दक्षिणेतील जुन्या जमीनदारांचा व गोऱ्या वर्चस्वाचा पक्ष होता, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. कृष्णवर्णीय मतदार होते लिंकनच्या रिपब्लिकन पक्षात. १८९४ साली या दोन पक्षांनी हातमिळवणी करून विधिमंडळ जिंकले. नव्या विधिमंडळाने व्याजाच्या दरावर सहा टक्क्यांची मर्यादा घातली. १८९६ साली गव्हर्नरही त्यांचाच झाला. गरीब गोरा आणि गरीब काळा एकाच बाजूला मत टाकू लागले, हा डेमोक्रॅटिक पुढाऱ्यांना सर्वांत मोठा धोका वाटला. अर्थकारणावर बोलून हे शेतकरी परत येणार नव्हते, कारण त्यांचे गाऱ्हाणे खरे होते. तेव्हा त्यांना व्याजाचा दर विसरायला लावील असे काहीतरी हवे होते.

ती योजना पक्षाचे राज्य अध्यक्ष फर्निफोल्ड सिमन्स यांनी आखली. आपल्याला लिहिणारी माणसे हवीत, बोलणारी माणसे हवीत आणि घोड्यावर बसणारी माणसे हवीत, असे त्यांचे धोरण असल्याचे सांगितले जाते. लिहिण्याचे काम डॅनियल्स यांच्या पत्राने उचलले. जे वर्गणीदार नव्हते त्यांच्यापर्यंतही अंक पोहोचतील अशी सोय पक्षाने केली. घोडेस्वार म्हणजे ‘लाल डगलेवाले’. ते बंदुका घेऊन खेड्यापाड्यांतून हिंडत.

आता या तथाकथित ‘निग्रो राज्या’ची वस्तुस्थिती पाहू. गव्हर्नर गोरा होता. राज्याचे बहुतेक अधिकारी गोरे होते. विल्मिंग्टन हे राज्यातील सर्वांत मोठे शहर. त्यातील निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची होती. तरीही महापौर गोरा, आणि दहा नगरसेवकांपैकी तिघे कृष्णवर्णीय. बंदरावरचा जकात अधिकारी जॉन डॅन्सी हा मात्र कृष्णवर्णीय होता, आणि त्याचा पगार गव्हर्नरपेक्षा जास्त होता. शहरात कृष्णवर्णीय वकील होते, न्हावी होते, खाणावळवाले होते, आगीचा बंब चालवणारे होते. काहींची स्वतःची घरे होती. वटवाघळाच्या पंखांखाली जे झाकले गेले ते हे साधे, कष्टाळू नगरजीवन.

चित्रातील दुसरी व्यक्ती म्हणजे गोरी स्त्री. तिच्याशिवाय वटवाघळाचे काम भागत नाही. पुरुषाला पशू ठरवायचे तर त्याच्या पंजाखाली कोणीतरी दुबळे दाखवावे लागते. म्हणून १८९८ च्या प्रचारसभांना पांढऱ्या पोशाखातल्या मुली सजवलेल्या गाड्यांवर बसवून आणल्या जात. एका मिरवणुकीतील फलकावर ‘आमचे रक्षण करा’ एवढेच शब्द होते. त्या मुलींना मताचा हक्क नव्हता. अमेरिकन स्त्रियांना देशभर तो मिळायला १९२० साल उजाडले. सभेत भाषण करायलाही त्यांना कोणी सांगितले नव्हते. गाडीवर बसून दिसायचे, एवढेच त्यांचे काम.

बोलणारी एक स्त्री मात्र होती. शेजारच्या जॉर्जिया राज्यातील रिबेका लॅटिमर फेल्टन या स्त्रियांच्या हक्कांसाठी व शिक्षणासाठी झटणाऱ्या नामांकित बाई. ऑगस्ट १८९७ मध्ये टायबी बेटावर शेतकऱ्यांच्या सभेत त्यांनी भाषण केले. गोऱ्या पुरुषांना आपल्या बायका-लेकींची काळजी नाही, शेतावर एकट्या राहणाऱ्या स्त्रियांना संरक्षण नाही, अशी त्यांची तक्रार होती. येथवर ठीक. परंतु त्यावर उपाय म्हणून त्यांनी कृष्णवर्णीयांना झाडाला टांगण्याची भलामण केली. गरज पडल्यास आठवड्याला हजार वेळा, असे त्यांचे शब्द होते. एक वर्ष जुने हे भाषण ऑगस्ट १८९८ मध्ये विल्मिंग्टनमध्ये नव्यासारखे छापले गेले.

त्याला उत्तर दिले अलेक्झांडर मॅनली यांनी. ते विल्मिंग्टनच्या ‘डेली रेकॉर्ड’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे संपादक. वर्णाने इतके उजळ की परक्याला ते गोरेच वाटत. राज्याच्या एका जुन्या गोऱ्या गव्हर्नरचे ते वंशज मानले जात. १८ ऑगस्टच्या अग्रलेखात त्यांनी लिहिले त्याचा आशय असा : ज्याला तुम्ही बलात्कार म्हणता त्यांतले अनेक संबंध दोघांच्या संमतीचे असतात, आणि गोऱ्या पुरुषांनी आमच्या स्त्रियांच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या काय केले त्याचाही हिशेब मांडा. मॅनली यांचा स्वतःचा चेहराच त्या हिशेबाचा पुरावा होता. विरोधी पत्रांनी हा मजकूर निवडणुकीच्या दिवसापर्यंत पुनःपुन्हा छापला. मॅनली यांना तेव्हाच हात लावू नका, असे पुढाऱ्यांनी आपल्या माणसांना बजावले होते, कारण मतदान होईपर्यंत तो अग्रलेख त्यांना उपयोगी होता.

८ नोव्हेंबर १८९८ रोजी मतदान झाले आणि डेमोक्रॅटिक पक्ष जिंकला. विल्मिंग्टनच्या नगरपालिकेची निवडणूक त्या वर्षी नव्हतीच. पण तेवढा धीर कोणाला होता? १० नोव्हेंबरला सकाळी अल्फ्रेड मूर वॉडेल या माजी खासदाराच्या नेतृत्वाखाली सशस्त्र गोऱ्यांचा जमाव ‘डेली रेकॉर्ड’वर चालून गेला. केप फिअर नदी प्रेतांनी तुंबली तरी बेहत्तर, असे या वॉडेल यांनी प्रचारात म्हटले होते. जमावाने छापखाना मोडला, इमारत जाळली आणि समोर उभे राहून छायाचित्र काढून घेतले. मग गोळीबार सुरू झाला. किती माणसे मेली याचा पक्का आकडा कधीच निघाला नाही. अभ्यासक चौदापासून साठपर्यंत सांगतात, कोणी त्याहून अधिक. मेलेले सर्व कृष्णवर्णीय होते. बायका मुलांना घेऊन दलदलीत व रानात लपल्या. संध्याकाळपर्यंत महापौर व नगरसेवक यांचे राजीनामे बंदुकीच्या धाकाने घेतले गेले आणि वॉडेल स्वतः महापौर होऊन बसले. मॅनली अगोदरच निसटले होते. पुढे फिलाडेल्फियात रंगारी म्हणून काम करून त्यांनी पोट भरले.

त्यानंतरच्या रविवारी शहरातील एका प्रेस्बिटेरियन उपदेशकाने व्यासपीठावरून सांगितले की, मागे आपण येथे जमलो त्यानंतर आपण एक शहर जिंकले आहे. ख्रिस्ती म्हणून हे वाक्य आम्हांला बोचते. ते ज्या मंदिरात उच्चारले गेले तेथे ऐकणाऱ्या बहुतेकांना ते बोचले नसावे.

त्याच दिवशी, १३ नोव्हेंबरला, विल्मिंग्टनहून राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना एका कृष्णवर्णीय स्त्रीने पत्र लिहिले. ते पत्र अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. आमच्या मदतीला कोणीच का येत नाही, असे ती विचारते. पत्राखाली नाव नाही, कारण नाव लिहिले तर आपण जिवंत राहणार नाही, हे तिने त्यातच सांगून टाकले आहे. वटवाघळाच्या चित्रात काळा पुरुष आहे, गोरी स्त्री आहे, आणि चित्राबाहेर ते पाहणारा गोरा पुरुष आहे. काळी स्त्री त्यात कोठेच नाही. त्या दिवसांत खरोखर भयभीत झालेली स्त्री कोण होती, हे त्या निनावी पत्रावरून कळते. मॅकिन्ली यांनी काही केले नाही.

मतांचा निकाल कायद्याने कायम करण्यात आला. १९०० च्या राज्यघटना दुरुस्तीने मतदारांसाठी साक्षरतेची परीक्षा ठेवली. निरक्षर गोऱ्यांचे काय? तर ज्याला किंवा ज्याच्या पूर्वजाला १ जानेवारी १८६७ पूर्वी मताचा हक्क होता, त्याला परीक्षा माफ. १८६७ पूर्वी हक्क कोणाला होता हे सांगायला नको. १८९६ साली राज्यात सुमारे १,२६,००० कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०२ साली ते सुमारे ६,१०० उरले. काँग्रेसमधील त्यांचे शेवटचे प्रतिनिधी जॉर्ज हेन्री व्हाइट यांनी २९ जानेवारी १९०१ रोजी सभागृहात निरोपाचे भाषण केले. कृष्णवर्णीय माणूस राखेतून उठून पुन्हा येथे येईल, असे ते म्हणाले. राज्यातून तसा माणूस पुन्हा यायला ९१ वर्षे लागली.

सिमन्स सिनेटर झाले. डॅनियल्स पुढे विल्सन यांच्या मंत्रिमंडळात नौदलमंत्री झाले. १९४१ च्या आपल्या आठवणींत त्यांनी मान्य केले की, त्या प्रचारात आलेल्या बातम्यांची शहानिशा करण्याच्या फंदात त्यांचे पत्र फारसे पडत नसे. आणि रिबेका फेल्टन? १९२२ साली जॉर्जियाच्या गव्हर्नरांना रिकाम्या सिनेट-जागेवर तात्पुरती नेमणूक करायची होती. त्यांनी स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध केलेला असल्याने नव्या स्त्री-मतदारांचा राग शमवणे भाग होते. त्यांनी ८७ वर्षांच्या फेल्टनबाईंना नेमले. २१ नोव्हेंबरला त्यांनी शपथ घेतली आणि दुसऱ्या दिवशी जागा सोडली. अमेरिकेच्या सिनेटमधील पहिली स्त्री म्हणून इतिहासात नाव आहे ते त्यांचेच. गुलाम बाळगलेली शेवटची सिनेट सदस्यही त्याच. स्त्रीमुक्तीचा इतिहास लिहिणाऱ्यांना ही दोन वाक्ये एका परिच्छेदात लिहिताना अवघड जाते, आम्हांलाही गेले.

१९२८ साली चित्र परत आले, आणि या वेळी पंखाखाली आला तो एक कॅथलिक.

नॉर्थ कॅरोलिनात कॅथलिकांची संख्या नगण्य होती. पुढे कार्डिनल झालेले जेम्स गिबन्स १८६८ साली याच विल्मिंग्टनमध्ये व्हिकर अपोस्टोलिक म्हणून आले, तेव्हा साऱ्या राज्यात सातशेहूनही कमी कॅथलिक होते. ज्यांना लोकांनी डोळ्यांनी पाहिलेच नाही त्यांच्याविषयी वाटेल ते खपवता येते. डेमोक्रॅटिक पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल् स्मिथ यांना उभे केले. शाळा अर्धवट सोडून मासळीबाजारात काम केलेला हा माणूस चार वेळा गव्हर्नर झाला होता. तो निवडून आला तर पोप वॉशिंग्टनला राहायला येईल, आणि हडसन नदीखालचा नवा बोगदा थेट रोमला निघतो, अशा कंड्या पिकल्या. ही कथा आपल्याकडे अनेकांनी हसत हसत ऐकली असेल. पण दक्षिणेत त्याच वेळी आणखी एक वस्तू वाटली जात होती : न्यूयॉर्कच्या प्रशासनातील एका कृष्णवर्णीय अधिकाऱ्याचे छायाचित्र, आणि त्याच्याबरोबर त्याची गोरी लघुलेखिका. स्मिथचे राज्य म्हणजे हे, असा त्याचा अर्थ. अधिकारी खरा, लेखनिक स्त्री खरी, छायाचित्र खरे. १८९८ साली वटवाघूळ हाताने काढावे लागले होते. आता ते काम कॅमेऱ्याने केले.

स्मिथ यांच्या पत्नी केटी याही सुटल्या नाहीत. ही गरीब वस्तीतली बाई व्हाइट हाउसमध्ये परदेशी वकिलांशी काय बोलणार, असे विचारून तिच्या बोलीची जाहीर सभेत नक्कल करणारी व्यक्ती स्वतः एक प्रतिष्ठित राजकीय स्त्री होती.

आणि सिमन्स? तीस वर्षे ज्या पक्षाला त्यांनी वटवाघळाच्या जोरावर सत्तेत ठेवले, त्याच पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध ते उभे ठाकले. दारूबंदी, परदेशी स्थलांतरित आणि न्यूयॉर्कचे टॅमनी मंडळ ही कारणे त्यांनी पुढे केली. पुनर्रचनेच्या काळानंतर प्रथमच नॉर्थ कॅरोलिनाने रिपब्लिकन उमेदवाराला, हूवर यांना, मत दिले. डॅनियल्स मात्र स्मिथ यांच्या बाजूला राहिले. १९३० साली सिमन्स यांना त्यांच्याच पक्षाने घरी बसवले. त्या पराभवाचा कॅथलिकांनी आनंद मानावा असे आम्हांला वाटत नाही. त्यांचा गुन्हा काय, तर पक्षद्रोह. १८९८ बद्दल त्यांना कोणी जाब विचारला नव्हता.

१९५० चा प्रसंग थोडक्यात सांगू. राज्य विद्यापीठाचे माजी अध्यक्ष फ्रँक पोर्टर ग्रॅहम हे सौम्य, सज्जन गृहस्थ सिनेटसाठी उभे होते. पक्षांतर्गत निवडणुकीच्या पहिल्या फेरीत त्यांना जवळपास ४९ टक्के मते मिळाली. दुसरी फेरी २४ जूनला होती. मधल्या काळात ५ जूनला सर्वोच्च न्यायालयाने वंशभेदाविरुद्ध निर्णय दिले, आणि राज्यभर पत्रके फिरली : गोऱ्या लोकांनो, जागे व्हा. तुमच्या बायका-मुलींच्या शेजारी गिरणीत निग्रो काम करताना चालतील का, असा त्यांत सवाल होता. ग्रॅहम यांनी सैनिकी विद्यालयासाठी पर्यायी उमेदवार म्हणून सुचवलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाचे छायाचित्रही वाटले गेले. ग्रॅहम हरले, विलिस स्मिथ निवडून आले. रालीच्या आकाशवाणी केंद्रावर बातम्या देणारा जेसी हेल्म्स नावाचा तरुण नंतर त्यांचा साहाय्यक म्हणून वॉशिंग्टनला गेला. त्या पत्रकांत त्याचा हात किती होता यावर वाद आहे.

चाळीस वर्षांनी हेच हेल्म्स सिनेटर होते आणि त्यांच्यासमोर हार्वी गँट हे कृष्णवर्णीय वास्तुविशारद उभे होते. गँट शार्लट शहराचे महापौर राहिलेले, मृदुभाषी, सुटाबुटातले. अशा माणसाला पंख आणि नखे कशी लावणार? दोन वर्षांपूर्वीच्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत ते काम सोपे गेले होते. मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगातून रजेवर सुटून गेलेल्या हॉर्टन या खुन्याने मेरिलँडमध्ये एका स्त्रीवर बलात्कार केला होता. बुश यांच्या समर्थक गटाने त्याचे कृष्णधवल छायाचित्र दूरचित्रवाणीवर दाखवून ते गव्हर्नर डुकाकिस यांच्या गळ्यात बांधले. गुन्हा खरा होता, आणि जिच्यावर तो झाला तिचे दुःखही खरे होते. परंतु तुरुंगाची ती रजा-योजना एका रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात सुरू झाली होती, हे जाहिरातीत नव्हते. विल्यम हे त्याचे नावसुद्धा प्रचारात ‘विली’ झाले. बुश यांचे प्रचारप्रमुख ली ॲटवॉटर यांना पुढे मेंदूचा कर्करोग झाला. आजारपणात त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, आणि १९९१ साली मृत्यूपूर्वी डुकाकिस यांची जाहीर क्षमा मागितली. काहींना त्या पश्चात्तापाविषयी शंका आहे. आम्ही त्या वादात शिरत नाही. मरणाऱ्या माणसाचे अंतःकरण तपासणे हे इतिहासलेखकाचे काम नव्हे.

गँट यांच्याविरुद्धच्या १९९० च्या जाहिरातीत काळा माणूस जवळजवळ नाहीच. चौकड्यांच्या सदऱ्यातले दोन गोरे हात तेवढे दिसतात. ते नोकरी नाकारल्याचे पत्र चुरगाळतात. निवेदक सांगतो, ही नोकरी तुम्हांला हवी होती, तुम्ही लायक होता, पण वांशिक राखीव जागेमुळे ती दुसऱ्याला द्यावी लागली. चेहरा नसल्याने पाहणाऱ्या प्रत्येक गोऱ्या कामकऱ्याला ते हात आपलेच वाटले. १८९४ साली याच कामकऱ्याच्या आज्या-पणज्याने कृष्णवर्णीयाबरोबर एका बाजूला मत टाकून व्याजाचा दर उतरवला होता, याची आठवण त्याला कोण देणार? त्याच मोहिमेत मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्यांत सव्वा लाख पोस्टकार्डे गेली. मतदानाच्या पात्रतेविषयी त्यांत धाक घातला होता. केंद्रीय न्याय खात्याने खटला भरला आणि १९९२ साली हेल्म्स यांच्या प्रचारयंत्रणेने तडजोडीचा हुकूमनामा मान्य केला. हेल्म्स तोवर निवडून आले होते.

गाडीवर बसवलेल्या स्त्रीचे पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. ती गाडीवरून उतरून स्वतः मत मागू लागली, तेव्हा तिला दुसरे सोंग देण्यात आले. १९८४ साली जेराल्डिन फेरारो या इटालियन वंशाच्या कॅथलिक बाई उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या. मिसिसिपीच्या शेती आयुक्तांनी त्यांना ब्लूबेरी मफिन भाजता येतात का, असे विचारले. येतात की, तुम्हांला येतात का, असे त्यांनी विचारल्यावर, आमच्याकडे पुरुष स्वयंपाक करीत नाहीत, असे उत्तर आले. दूरचित्रवाणीवर त्यांना विचारले गेले की, अण्वस्त्राचे बटण दाबण्याइतक्या तुम्ही खंबीर आहात का. स्वयंपाक येतो म्हटले तर राज्य झेपणार नाही, आणि राज्य झेपेल म्हटले तर बाई कजाग. माहेरच्या आडनावामुळे माफियाची कुजबुजही मागे लागली.

कृष्णवर्णीय स्त्रीला तर दोन्ही सोंगे एकदम घ्यावी लागली. ब्रुकलिनच्या शर्ली चिझम १९७२ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या राहिल्या. त्यांना वेड्यांच्या रुग्णालयात ठेवले होते, असे सांगणारे एक बनावट पत्रक दुसऱ्या उमेदवाराच्या कागदावर छापून पसरवले गेले. वॉटरगेट चौकशीत ती बाब उजेडात आली. काळी असण्यापेक्षा स्त्री असण्याचा त्रास मला राजकारणात अधिक झाला, असे त्या म्हणत. वंशभेदाचा कट्टर पुरस्कर्ता जॉर्ज वॉलेस गोळी लागून रुग्णालयात पडला, तेव्हा याच चिझम त्याला भेटायला गेल्या. त्यांच्या समर्थकांना ते मुळीच आवडले नाही. पुढे घरकाम करणाऱ्या स्त्रियांना किमान वेतन मिळवून देणाऱ्या कायद्यासाठी वॉलेसने आपल्याला दक्षिणेतील मते मिळवून दिली, असे त्या सांगत.

आणि मनुष्यस्वभाव असा की ज्याने घाव सोसला तोही शस्त्र उचलतो. २००८ साली फेरारो यांनीच म्हटले की, बराक ओबामा गोरे असते तर या स्थानावर नसते. त्यावरून गदारोळ झाला आणि हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारातील पद त्यांना सोडावे लागले. फेल्टन आणि फेरारो यांना आम्ही एका तराजूत घालीत नाही. तसे करणे अन्याय होईल. तरीही दोन्ही नावे एकापाठोपाठ आठवतात खरी. २०२४ साली कमला हॅरिस यांच्याबाबत, या बाई अचानक काळ्या कशा झाल्या, असा सवाल डोनाल्ड ट्रम्प यांनी शिकागोत कृष्णवर्णीय पत्रकारांसमोर केला. आई चेन्नईची आणि वडील जमैकाचे असलेल्या स्त्रीला कोणत्या चौकटीत बसवायचे, हे चित्रकारांनाच ठरवता येईना.

नॉर्थ कॅरोलिनातून ९१ वर्षांनंतर, १९९२ साली, काँग्रेसमध्ये निवडून आलेल्या दोन कृष्णवर्णीय प्रतिनिधींपैकी एक स्त्री होती, ईव्हा क्लेटन. २००६ साली राज्याने नेमलेल्या आयोगाने विल्मिंग्टनचा अहवाल दिला आणि ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ने आपल्या वाट्याच्या पापाबद्दल क्षमा मागितली. २०१९ साली तेथे फलक लागला. त्यावर दंगल हा जुना शब्द नाही, सत्ता उलथवल्याचे स्पष्ट लिहिले आहे. जून २०२० मध्ये डॅनियल्स यांचा पुतळा त्यांच्या कुटुंबीयांनीच रालीच्या चौकातून काढून घेतला.

जेनेटची व्यंगचित्रे आज कोणत्याही चांगल्या ग्रंथालयात पाहायला मिळतात. मॅनली यांच्या ‘डेली रेकॉर्ड’चे मात्र मोजकेच अंक जगात उरले आहेत. अलीकडच्या वर्षांत विल्मिंग्टनच्या शाळकरी मुलांनी काही अभ्यासकांबरोबर बसून ते शोधले, जीर्ण पानांवरची पुसट अक्षरे भिंगाखाली लावली आणि ओळीमागून ओळ उतरवून काढली. त्यांत गावातल्या घडामोडी आहेत आणि दुकानांच्या जाहिराती आहेत. गोऱ्या व्यापाऱ्यांच्यासुद्धा.